तगरचे द्राक्षमद्य आणि तिखट अन्न : सातवाहनकालीन दख्खनमधील एका जोडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

तिखट, आंबट आणि खारट चवींनी भरलेल्या थाई जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी, हा प्रश्न आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांतील खाद्यपत्रिकांवर आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत नेहमी दिसतो. वाइन ही युरोपची आणि तिखट अन्न आशियाचे, या दोहोंची गाठ अलीकडेच पडली आणि ती मुळातच अवघड आहे, असे या प्रश्नामागचे गृहीतक असते. महाराष्ट्रातील तिखट जेवणाविषयीही तेच बोलले जाते. प्रस्तुत निबंधात हे गृहीतक धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, या नगराच्या संदर्भात तपासले आहे. भूमध्यसागरी द्राक्षमद्य आणि दख्खनचे तिखट अन्न सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एकाच व्यापारमार्गाच्या कक्षेत आले होते. त्या काळी या दोहोंत विरोध आहे असे दोन्ही टोकांच्या लोकांना वाटत नव्हते. हा विरोध पुढे निर्माण झाला, आणि त्याची कारणे शोधता येतात.

तगर : स्थान आणि व्यापार

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या अनामिक ग्रंथात दक्षिणापथातील दोन बाजारपेठांना विशेष महत्त्व दिले आहे. पहिली पैठण. ती बरिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर होती. दुसरी तिच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगर, जिला ग्रंथकार अतिशय मोठे नगर म्हणतो. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून जाडेभरडे सुती कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल व इतर वस्त्रे गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचला आणली जात. किनारपट्टीच्या भागांतून येणारा इतर मालही तगरला गोळा होत असे. बहुतेक अभ्यासक हा उल्लेख पूर्व किनाऱ्याशी जोडतात. तसे असल्यास तगर हे दोन समुद्रांच्या मधले ठाणे ठरते.

हे तगर कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी अनेक नावे पुढे आली. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरणा नदीकाठचे तेर हेच तगर असल्याचे मांडले आणि ते मत पुढे स्थिरावले. शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद अभिमानाने लावीत, ही गोष्ट तर इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहेच. बा. ना. चापेकर यांनी १९५८ मध्ये तेरला केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरही तेथे वेळोवेळी उत्खनने झाली. येथील पांढरीच्या टेकाडांवरून रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तू आज गावातील शासकीय संग्रहालयात आहेत. त्यांत केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या मूर्ती आहेत आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही आहे.

या हस्तिदंती मूर्तीपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे एका घराच्या उत्खननात अशीच भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेल्यामुळे ती त्यापूर्वीची, हे निश्चित. तेर आणि भोकरदन येथील हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य असल्याने ती दख्खनमधूनच गेली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. पॉम्पेई ज्या कॅम्पानिया प्रदेशात आहे, त्याच प्रदेशातील मद्य भारतात येत होते. भारतात सापडलेल्या अनेक रोमन कुंभांच्या मातीत नेपल्सच्या उपसागराकाठची काळी ज्वालामुखी वाळू मिसळलेली आढळते. म्हणजे हस्तिदंत एका दिशेने आणि मद्य दुसऱ्या दिशेने, असा हा प्रवास एकाच वाटेवरचा होता.

आयात मद्य : प्रकार आणि गुण

भडोचला काय उतरत असे, याची यादी पेरिप्लसकाराने व्यापाऱ्याच्या काटेकोरपणाने दिली आहे. त्या यादीत पहिले नाव मद्याचे आहे. इटालियन मद्याला सर्वाधिक पसंती होती. त्याखालोखाल लाओदिकियाचे, म्हणजे सीरियाच्या किनाऱ्यावरील आजच्या लताकियाचे, आणि अरबस्तानचे मद्य येत असे. राजासाठी चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुले, अंतःपुरासाठी सुंदर मुली यांबरोबर उत्तम मद्य वेगळे आणले जाई. सामान्य व्यापाराचे मद्य आणि राजाचे मद्य अशी दोन वर्गांतील नोंद लक्षणीय आहे. मद्य केवळ राजदरबारापुरते असते, तर पहिली नोंद करण्याचे कारण नव्हते. याच ग्रंथात इराणी आखातातील बंदरांतूनही भडोचला मद्य आणि भरपूर खजूर येत असल्याचा उल्लेख आहे.

मिसरहून जहाजे जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर सप्टेंबरच्या आसपास पश्चिम किनाऱ्याला लागत. तेथून तगरपर्यंत तीस दिवसांची वाट. पाऊस ओसरून गाडीवाट कोरडी होण्याचा हाच काळ असल्याने आश्विन-कार्तिकात माल तेरणाकाठी पोहोचत असावा, असे अनुमान करता येते. नेहमीच्या रोमन दुहाती कुंभात सुमारे सव्वीस लिटर मद्य मावत असे. कुंभाचे स्वतःचे वजनही मोठे होते. गाडीवानाने ते मद्य बंदरातच पखालींत किंवा चामड्याच्या बुधल्यांत ओतून घेतले असते, तर त्यात नवल नाही. त्यामुळे अंतर्भागातील स्थळावर कुंभांचे तुकडे थोडे मिळाले म्हणजे मद्यही थोडे आले, असे म्हणता येत नाही. नेवासे येथे मात्र कुंभ प्रत्यक्ष पोहोचल्याचा पुरावा चांगला आहे. तेरचे नावही अशा स्थळांच्या यादीत येते.

हे मद्य आजच्या वाइनसारखे नव्हते, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. कुंभांना आतून राळ लावलेली असे, त्यामुळे मद्याला राळेचा वास आणि चव येई. कॉस बेटाच्या पद्धतीच्या मद्यात समुद्राचे पाणी घालीत. केटोच्या शेतीविषयक ग्रंथात त्याची कृतीच दिलेली आहे. अनेक मद्ये गोड असत, आणि पिताना त्यात पाणी मिसळणे हा सुसंस्कृतपणा मानला जाई. निर्जल मद्य पिणारा तो रानटी, ही ग्रीकांची आणि रोमनांची समजूत होती. म्हणजे पेल्यात येणारे पेय गोडसर, किंचित खारट, राळेच्या गंधाचे आणि मादकतेने सौम्य असे.

त्यात आणखी एक घटक होता, आणि तो भारतीय होता. रोमन पाककृतींचा जो संग्रह एपिशियसच्या नावावर प्रसिद्ध आहे, त्याची सुरुवातच मसालेदार मद्याच्या कृतीने होते. मध, मद्य आणि भरपूर मिरी, त्याबरोबर राळ, केशर, तमालपत्रासारखे एक सुगंधी पान आणि खजूर. भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात पेरिप्लसकार कापसाच्या कापडाबरोबर पिंपळीचाही उल्लेख करतो. प्लिनीने दिलेल्या भावांनुसार एक रोमन पौंड पिंपळीला १५ दिनार, पांढऱ्या मिऱ्याला ७ आणि काळ्या मिऱ्याला ४ दिनार पडत. निव्वळ तिखटपणासाठी माणसे भारतापर्यंत जातात, याचे प्लिनीला आश्चर्य वाटे. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स भारत गिळंकृत करतो, ही त्याची तक्रार प्रसिद्धच आहे. परंतु त्याचे देशबांधव ते तिखट मद्यातच घालून पीत होते.

दख्खनचे अन्न आणि उपदंश

तेरच्या उत्खननातील जळालेल्या धान्याचा अभ्यास १९७१ मध्ये स्वतंत्र लेखाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. तांदूळ, गहू आणि कडधान्ये तेथील लोकांच्या आहारात होती. आज धाराशिव जिल्ह्याची ओळख असलेला झणझणीत रस्सा, काळा मसाला, शेंगदाण्याची लाल चटणी या जेवणात नव्हती, कारण मिरची आणि भुईमूग ही दोन्ही अमेरिका खंडातून फार पुढे आली. म्हणून ते अन्न अळणी होते असे मात्र नव्हे. सुंठ, मिरी आणि पिंपळी हे 'त्रिकटू' आयुर्वेदाच्या प्रत्येक पानावर भेटते. दख्खनचे तिखट हे त्या तिघांचे तिखट होते.

या अन्नाबरोबर मद्य कसे घेतले जाई, याविषयी संस्कृत ग्रंथांत स्पष्ट माहिती आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्यप्रकार येतात. त्यांतील मधु म्हणजे द्राक्षरसाचे मद्य. कापिशायन आणि हारहूरक ही त्याची नावे त्याच्या उत्पत्तिस्थानांवरून पडली असून ती वायव्येकडील आहेत. मैरेयाच्या कृतीत गुळाबरोबर पिंपळी आणि मिरी सांगितली आहे. म्हणजे तिखट पेल्यातच घालण्याची कल्पना रोमनांइतकीच भारतीयांनाही परिचित होती. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या आपानगोष्ठीचे वर्णन आहे. तेथे मधु, मैरेय, सुरा आणि आसव यांबरोबर खारट पदार्थ, फळे, हिरव्या भाज्या, कडू, तिखट आणि आंबट पदार्थ 'उपदंश' म्हणून द्यावेत, असे सांगितले आहे. उपदंश म्हणजे मद्याबरोबर तोंडात टाकण्याचे चटकदार खाणे, आजच्या बोलीतला चखणा. (आधुनिक मराठीत हा शब्द एका गुप्तरोगाचे नाव म्हणून तेवढा उरला. आपानगोष्ठीच्या वाट्याला आलेली ही भाषिक अवनती बोलकी आहे.) हा ग्रंथ कुंतल सातकर्णी सातवाहनाचा उल्लेख करतो, त्यामुळे दख्खनचे नागर जीवन ग्रंथकाराच्या परिचयाचे होते हे उघड आहे. खारट, आंबट, तिखट, कडू ही त्याची यादी आजच्या थाई पाककलेच्या चवींची यादी म्हणून कोणासमोर ठेवली, तर ती सहज खपून जाईल.

सर्वांत नेमका पुरावा मात्र चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील मदात्यय अध्यायात आहे. मद्य प्यायचेच असेल तर कोणत्या प्रकृतीच्या माणसाने कोणत्या अन्नाबरोबर कोणते प्यावे, याचे नियम तेथे दिले आहेत. वातप्रकृतीला गुळाचे व पिठाचे मद्य आणि स्निग्ध अन्न. पित्तप्रकृतीला मधुर, स्निग्ध आणि थंड अन्न व शीतोपचार. कफप्रकृतीच्या माणसाने मात्र यव-गहू खावेत आणि कोरड्या प्रदेशातील प्राण्यांचे मांस मिऱ्यासह घेऊन मद्य प्यावे. कफ आणि पित्त अधिक असणाऱ्यांना द्राक्षाचे मद्य हितकर, असेही तेथे म्हटले आहे. कोरड्या मुलखातील मांस, त्यावर मिरी आणि सोबत द्राक्षमद्य, हे वर्णन पर्जन्यछायेतील तेरच्या भूगोलात सहज बसणारे आहे. वाइन आणि अन्न यांची सांगड घालण्याचे जे शास्त्र आज युरोपीय म्हणून शिकविले जाते, त्याचा विचार येथे वैद्यकाच्या भाषेत आधीच झालेला दिसतो. फरक एवढाच की आजची सांगड पदार्थाच्या चवीवरून घालतात, चरकाची माणसाच्या प्रकृतीवरून.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे ग्रंथ आदर्श सांगतात, आणि त्यांतील एकही तेरमध्ये लिहिला गेलेला नाही. तगरच्या कोष्ट्याने वा गाडीवानाने इटालियन मद्य चाखले, असे या ग्रंथांवरून सिद्ध होत नाही. त्यांच्या वाट्याला मोहाचे किंवा धान्याचे मद्य येत असावे. आयात मद्य व्यापारी श्रेष्ठी आणि राजपुरुष यांचेच असणार.

विरोध केव्हा निर्माण झाला?

तिखट आणि वाइन यांच्यातील दुरावा दोन स्वतंत्र बदलांतून आला. पहिला बदल तिखटाचा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये त्यांचा दूत सयामच्या अयुथ्थया दरबारी पोहोचला. एका वर्षाच्या अंतराने कोकण आणि सयाम ही दोन्ही एकाच सागरी जाळ्यात आली. त्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे मिरची आशियाच्या किनाऱ्यांवर पसरली. दोन्ही भाषांनी या नव्या पिकाला जुन्याच तिखटाचे नाव दिले. मराठीत 'मिरी'वरून 'मिरची' झाली. थाई भाषेत मिऱ्याचे 'फ्रिक' हे नाव मिरचीने घेतले आणि मूळच्या मिऱ्याला 'फ्रिक थाई', म्हणजे देशी फ्रिक, म्हणण्याची वेळ आली. पिंपळीला तेथे 'दीपली' म्हणतात, आणि हा शब्द संस्कृत पिप्पलीशी जुळणारा आहे. थाई द्वीपकल्पावरील खाओ साम काएओ आणि फू खाओ थोंग या स्थळांवर भारतीय तंत्राचे कार्नेलियन मणी आणि भारतीय खापरे मिळाली आहेत, तेव्हा दोन्ही प्रदेशांचा संपर्क मिरचीपेक्षा पुष्कळ जुना आहे. मिरचीपूर्व काळातील सयामी तिखट आणि तगरचे तिखट यांत फारसे अंतर नसावे.

दुसरा बदल मद्याचा. पाणी, मध, राळ आणि मसाले मिसळण्याची प्रथा युरोपात हळूहळू मागे पडली. काचेची भक्कम बाटली आणि बुचाचे झाकण यांमुळे वाइन शुद्ध स्वरूपात जपता येऊ लागली. गोडवा नसलेली, तुरट आणि अधिक मादक वाइन हीच खरी वाइन ठरली. मिरचीतील कॅप्सायसिन तोंडातील उष्णतेची जाणीव देणाऱ्या ज्या ग्राहीवर क्रिया करते, त्याच ग्राहीवर मिऱ्यातील पायपरीन आणि मद्यार्कही क्रिया करतात. म्हणून मद्यार्क जितका अधिक, तितका तिखटाचा दाह वाढतो. तुरटपणाने तोंड आणखी कोरडे पडते, तर गोडव्याने दाह शमतो. थाई जेवणाबरोबर कमी मादक, किंचित गोड, सुगंधी पांढरी वाइन घ्यावी, असा आजच्या जाणकारांचा सल्ला असतो. रीसलिंग आणि गेवुर्ट्झट्रामिनर ही नावे त्यात वारंवार येतात, आणि महाराष्ट्रात नाशिकची शेनिन ब्लांक. तो सल्ला पाहिला की पाणी मिसळलेले, मधाने गोड झालेले भूमध्यसागरी मद्यच पुन्हा वर्णिले जात असल्याचा भास होतो. मोडलेली जोडी जुळवण्यासाठी वाइनला तिच्या जुन्या रूपाकडे न्यावे लागते, असा याचा अर्थ आहे.

धाराशिव जिल्ह्यात आज द्राक्षाच्या बागा आहेत, त्या प्रामुख्याने खाण्याच्या द्राक्षांच्या. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, परंतु वाइननिर्मितीचा मुख्य विस्तार नाशिक परिसरात झाला. उस्मानाबादी शेळीचे मांस आणि जोंधळ्याची भाकरी या जिल्ह्यातील जेवणाला वाइनच्या चर्चेत अजून स्थान नाही. वाइन ही परकी, तिचा येथील अन्नाशी संबंध नाही, हे मत तिचे समर्थक आणि विरोधक दोघेही सारख्याच सहजतेने मांडतात. मद्यपान चांगले की वाईट, हा वेगळा प्रश्न आहे. पण जो वाद इतिहासाचा आधार घेऊन केला जातो, त्यात तगरची साक्ष नोंदवली गेली पाहिजे.

खापरांचा प्रश्न

ही साक्ष पक्की करण्याचे काम अद्याप शिल्लक आहे, आणि ते खापरांपाशी आहे. भारतातील उत्खननांत निमुळत्या बुडाच्या जाड कुंभांचे तुकडे मिळाले की पूर्वी त्यांना सरसकट रोमन म्हटले जाई. रोबर्टा टॉम्बर यांनी २००७ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून दाखवून दिले की त्यांतील बरेच तुकडे मेसोपोटेमियाच्या बाजूच्या बिनकानाच्या 'टॉर्पेडो' रांजणांचे आहेत आणि त्यांचा काळही पुष्कळदा नंतरचा आहे. अशी फेरतपासणी अन्यत्रही झाली. थायलंडमधील पोंग तुक येथे १९२७ मध्ये मिळालेला काशाचा दिवा प्रथम रोमन आणि पहिल्या-दुसऱ्या शतकातील मानला गेला. आता तो पाचव्या-सहाव्या शतकातील बायझंटाइन समजला जातो.

या फेरतपासणीने द्राक्षमद्याचा व्यापार खोटा ठरत नाही. इराणी आखातातूनही मद्य येत होते, हे पेरिप्लसच सांगतो. बदलतो तो मद्याचा देश आणि काळ. भूमध्यसागरी कुंभाच्या आतील लेप राळेचा असतो, तर टॉर्पेडो रांजणाचा डांबराचा. दोहोंतील भेद रासायनिक चाचणीने ओळखता येतो, आणि मातीतील वाळू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कॅम्पानियाची काळी वाळूही वेगळी काढता येते. तेरच्या टेकाडांवरून वरवर गोळा झालेल्या वस्तूंना थरांचा संदर्भ नाही, ही त्या संग्रहाची मर्यादा आहे. परंतु लेपाला थराची गरज नसते. राळ निघाली तर मद्य भडोचमार्गे पश्चिमेकडून आलेले, डांबर निघाले तर आखातातून, एवढे एका लहानशा तुकड्यावरूनही सांगता येईल. अशी तपासणी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र आणि इतिहास या दोन विभागांनी मिळून करण्यासारखी असून तिला नव्या उत्खननाची गरज नाही.